गेट नंबर दोनवरची मोजणी पुन्हा सुरू करा

प्रति,
मा. प्लांट हेड, मा. खरेदी प्रमुख आणि मा. लॉजिस्टिक्स प्रमुख,
चाकण औद्योगिक पट्ट्यातली आमची ग्राहक कंपनी

विषय: रिटर्नेबल बिनची आरएफआयडी नोंद बंद करून पुन्हा हाती रजिस्टर सुरू केल्याबाबत

स. न. वि. वि.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या लॉजिस्टिक्स विभागाचा सगळ्या सप्लायरना एक मेल आला. जेमतेम तीन ओळींचा. गेट नंबर दोनवरची आरएफआयडी यंत्रणा (बिनवरचे टॅग रेडिओ लहरींनी वाचून मोजणी करणारी) १ एप्रिलपासून वापरात राहणार नाही, रिटर्नेबल बिनची, म्हणजे माल भरून जाणाऱ्या आणि रिकाम्या परत येणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्यांची, ने-आण पूर्वीसारखी चलन आणि रजिस्टरवर नोंदवली जाईल, आणि तफावत निघाल्यास कंपनीची नोंद अंतिम मानली जाईल. कारण लिहिलेलं नव्हतं. आम्हीही तेव्हा विचारलं नाही, ही आमची चूक.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डेबिट नोट आली. २१२ बिन कमी, बिनमागे ६५० रुपये, एकूण १ लाख ३७ हजार ८०० रुपये आमच्या बिलातून वजा. यंत्रणा चालू होती त्या आठ महिन्यांत तुमच्या-आमच्यात एका बिनवरूनही वाद झाला नव्हता.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या सहीची प्रत खरेदी विभागात दिली आहे, त्यामुळे पत्र कुणाचं हे तुम्हाला माहीत आहे. तरीही ते चारचौघांत ठेवतो आहे, कारण भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव इथल्या कितीतरी छोट्या शॉपमध्ये हेच चाललं आहे आणि त्यातले बहुतेक जण ऑर्डर जाईल या भीतीने गप्प आहेत. ती भीती मलाही आहे.

माझं भोसरीत मशीन शॉप आहे. तीन व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ, म्हणजे धातू कापणारी संगणकावर चालणारी मशीन, आणि १९ माणसं. तुमच्यासाठी आम्ही ॲल्युमिनियमची हाउसिंग (यंत्रभागांची बाहेरची कवचं) मशीनवर तयार करतो. माल तुमच्या निळ्या प्लास्टिक बिनमधून जातो, बिन तुमच्या मालकीचे. भरलेले बिन आम्ही पाठवतो, रिकामे तुम्ही परत देता. डेबिट नोटची रक्कम म्हणजे आमच्या एका व्हीएमसीचे जवळजवळ दोन हप्ते. माझी बायको हिशेब बघते. आलेला-गेलेला प्रत्येक बिन ती एका वहीत लिहिते. नोट आल्यावर आम्ही एका रविवारी शॉप बंद ठेवून सगळे बिन मोजले. एकूण ८४६ निघाले. तुमच्या रजिस्टरप्रमाणे आमच्याकडे १,०५८ असायला हवेत. वही आम्ही तुमच्या स्टोअरमध्ये घेऊन गेलो. तिथल्या माणसाने ती आदराने पाहिली, पण 'मी काय करू, सिस्टीमला रजिस्टरचाच आकडा जातो,' एवढंच तो म्हणाला. खरंच, तो तरी काय करणार?

आता हा फरक पडतो कसा ते सांगतो. तुम्हा तिघांपैकी कुणी रात्री साडेअकराला गेट नंबर दोनवर उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिकामे बिन एकात एक बसतात. दहाची एक थप्पी धरायची असा प्रघात आहे. आमचा छोटा हत्ती माल उतरवून रिकाम्या बिनसाठी मागच्या शेडला लागतो. तिथे बारा थप्प्या चढतात, चलनावर १२० लिहिलं जातं आणि ड्रायव्हर सही करतो. एखाद्या थप्पीत नऊच असतात, एखादा बिन तळाला फुटका निघतो आणि तिथेच बाजूला टाकला जातो. शेडमधल्या त्या उजेडात एकात एक गेलेल्या बिनच्या कडा मोजायच्या म्हटलं तर पाऊण तास जातो आणि मागे पाच गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. ड्रायव्हर सही करून निघतो. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. १ एप्रिलपासून नोट येईपर्यंत आमच्या साठ-पासष्ट फेऱ्या झाल्या. फेरीमागे तीन बिनचा फरक धरा, आकडा आपोआप दोनशेच्या जवळ जातो. कुणी चोरी केली नाही, कुणी लबाडी केली नाही. न मोजलेला आकडा कागदावर लिहिला गेला आणि तो आमच्या नावावर चढला.

जाणारा माल मात्र तुमच्याकडे काटेकोर मोजला जातो, कारण त्याचा जीआरएन (माल मिळाल्याची पावती) निघतो आणि पैसे द्यायचे असतात. बिन कुणी मोजत नाही. मालाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं व्हावं असं छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो, आणि मालाबद्दल लेखी हरकत घ्यायची तर ती १५ दिवसांच्या आत घ्यायची असंही त्यात धरलेलं आहे. बिन हा विकलेला माल नव्हे. म्हणून त्याची हरकत अडीच महिन्यांनी आली तरी चालते, आणि ती वसूल मात्र मालाच्याच बिलातून होते.

ही यंत्रणा बसवायचं तुम्हीच ठरवलं होतं. मागच्या वर्षी तुमच्या तेव्हाच्या लॉजिस्टिक्स प्रमुखांनी आम्हा सप्लायरना बोलावून ती समजावून सांगितली. आम्ही नाखूश होतो, हे कबूल करतो. नवं काही आलं की खर्च आणि मेहनत आमच्याच अंगावर येते, असा आजवरचा अनुभव. टॅगचे पैसे तुम्ही दिले, बिनला ते रिव्हेट करण्याचं काम आमच्या माणसांनी दोन रविवार बसून केलं.

जे वाचक या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या काचेवर फास्टॅग असतो ना, जवळजवळ तीच ही गोष्ट. टॅगमध्ये बॅटरी नसते. एक बारीक चिप आणि तिच्याभोवती पातळ धातूचा अँटेना, बस. गेटवरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्याच लहरींच्या ताकदीवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. भारतात यासाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा वापरतात आणि तिथे ठरलेल्या ताकदीपर्यंत वेगळा परवाना लागत नाही. बारकोड एकेक करून, समोर धरून दाखवावा लागतो. त्यावर कूलंटचा ओघळ गेला, धूळ बसली, की तो वाचता येत नाही. टॅगला समोर दिसण्याची गरज नाही आणि ट्रॉलीवरचे शंभर-सव्वाशे बिन गेटमधून जाता जाता काही सेकंदांत वाचले जातात. टॅगमध्ये असतो तो फक्त एक क्रमांक. कोणता बिन, कुणाकडे गेला, त्यात कुठला लॉट आहे, हे सगळं संगणकात त्या क्रमांकासमोर लिहिलेलं असतं.

पहिला महिना त्रासाचा गेला. लपवण्यासारखं त्यात काही नाही. धातू या लहरी परतवतो आणि आमच्या बिनमध्ये तर धातूच भरलेला. भरलेले बिन अर्धेमुर्धेच वाचले जात. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीतले बिन आमच्या खात्यात दिसत. दोन वेळा आमच्या नावावर असे बिन लागले की जे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. मग तुमच्या मेंटेनन्सच्या दोन मुलांनी आणि यंत्रणा बसवणाऱ्या माणसाने ते नेटाने सोडवलं. टॅग एका बाजूऐवजी दोन्ही लांब बाजूंना, हँडलखालच्या कडेला, मालापासून दोन बोटं अंतर ठेवून लावले. रीडरची ताकद कमी केली. दोन लेनच्या मध्ये जाळीचा पडदा उभा केला. गाडी गेटमध्ये शिरल्याचं कळलं की मगच रीडर सुरू होईल अशी सोय केली. यातली एकही गोष्ट महागडी नव्हती, पण प्रत्येकीसाठी कुणीतरी रात्रपाळीला थांबलं होतं. ती मेहनत तीन ओळींच्या मेलने वाया जावी, याचं मला पैशांपेक्षाही जास्त वाईट वाटतं.

त्यानंतरचे महिने कसे गेले, ते तुमच्याच गेटवर विचारा. सिक्युरिटी केबिनच्या खिडकीत एक स्क्रीन होता. गाडी बाहेर पडताना त्यावर आकडा यायचा. चलनावर १२० आणि स्क्रीनवर ११८ असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची, थप्प्या मोजायच्या. कधी ११८ खरे निघायचे आणि चलन दुरुस्त व्हायचं. कधी दोन बिनचे टॅग वाचले गेलेले नसायचे, तर तेही तिथेच कळायचं. दहा मिनिटांत विषय संपायचा आणि त्या आकड्याखाली दोघांची सही असायची. ड्रायव्हर आमचा, गार्ड तुमचा, आणि आकडा दोघांनी मिळून पाहिलेला. वाद गाडी समोर उभी असतानाच मिटतो, हा या यंत्रणेचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. अडीच महिन्यांनी डेबिट नोट आल्यावर मोजायला समोर काहीच उरत नाही. तेव्हा मोठ्याचं रजिस्टर आणि छोट्याची वही एवढंच शिल्लक असतं, आणि वही हरते.

तुमचा फायदा आमच्यापेक्षा मोठा होता. एकच प्रसंग सांगतो. चूक आमची होती, म्हणून तो सांगायला जड जातं.

मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या पाळीत आमच्या एका मशीनवर टूलचा ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, चुकीचा भरला गेला. बोअर (नगातलं भोक) ०.०४ मिलिमीटरने मोठा झाला. सकाळी आमच्या इन्स्पेक्टरच्या लक्षात येईपर्यंत त्या लॉटचे १८ बिन तुमच्याकडे पोचले होते. मी लगेच फोन केला. त्या लॉटचे बिन क्रमांक आमच्याकडे होते आणि तुमच्या सिस्टीममध्येही होते. तुमच्या स्टोअरमधला मुलगा हातातला रीडर घेऊन निघाला. या रीडरमध्ये एक क्रमांक भरला की तो बिन जसा जवळ येतो तसा आवाज भराभर होत जातो. १५ बिन स्टोअरच्या रॅकमध्ये सापडले, तीन लाइनच्या कडेला पोचले होते. ते उघडण्याआधीच उचलले. सगळं मिळून ५० मिनिटं. लाइन थांबली नाही. दुपारपर्यंत आम्ही चांगला माल पाठवला.

त्याच्या दोन वर्षं आधी अशीच एक चूक झाली होती, तेव्हा यंत्रणा नव्हती. कुठला लॉट कुठे हे कुणालाच सांगता येईना, म्हणून आमचा सगळा साठा अडकवून ठेवला गेला. आमची सहा माणसं चार दिवस तुमच्या प्लांटमध्ये बसून एकेक नग गेजवर तपासत होती. वर सॉर्टिंगचा खर्च आमच्या नावावर लागला, तो मी मुकाट्याने भरला, कारण चूक आमचीच होती. पण चार दिवस आणि ५० मिनिटं हा फरक तुमच्या उत्पादनाच्या नियोजनात केवढा असतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटला दर वेळी तुम्ही आमच्याकडे ट्रेसेबिलिटीचा, म्हणजे कुठला नग कुठल्या लॉटचा हे दाखवणारा, पुरावा मागता. तो पुरावा इतका लख्ख आमच्या हातात आजवर कधीच नव्हता.

आणखीही काही गोष्टी होत्या. जुना माल आधी वापरला जावा, ही फिफोची शिस्त आपोआप पाळली जाऊ लागली, कारण कुठला बिन किती दिवस पडून आहे हे दिसत होतं. पावसाळ्यात बिन कमी पडतात अशी ओरड सुरू झाली तेव्हा हातातला रीडर घेऊन आवारात एक फेरी मारली, तर स्क्रॅप यार्डमागे नव्वदच्या आसपास बिन पाणी भरून पडलेले निघाले. काहींत कुणी सुटे बोल्ट भरून ठेवले होते, काही उलटे घालून बसायला वापरले जात होते. ते धुऊन परत फिरायला लागल्यावर तुमच्याच स्टोअरने नवे बिन घेण्याचा विचार पुढे ढकलला होता. बिन मिळत नाहीत म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यांत माल पाठवायची वेळही त्या आठ महिन्यांत आमच्यावर आली नाही. आता ती पुन्हा येते. गेल्या महिन्यात तीनदा आली. खोक्यांचा खर्च आमचा, वाटेत नगांवर ओरखडे पडले तर रिजेक्शनही आमचंच.

आता यंत्रणा बंद का केली, याबद्दल. अधिकृत कारण कुणी सांगितलेलं नाही. वेगवेगळ्या विभागांत विचारल्यावर तीन कारणं कानावर आली. ती खरी धरून लिहितो.

खर्च, असं एक कारण. अँटेना विकत घेऊन झाले आहेत. टॅग बिनवर बसले आहेत. बंद केल्याने वाचतो तो सॉफ्टवेअरचा आणि देखभालीचा वार्षिक खर्च. तो किती हे मला माहीत नाही, पण त्याच्यासमोर दुसरा रकानाही मांडायला हवा: हरवलेल्या बिनच्या जागी घेतलेले नवे बिन, तफावती जुळवत बसणाऱ्या माणसांचे तास, गेटवर थांबलेल्या गाड्या, अडकलेला साठा. यातला बराचसा खर्च डेबिट नोटने आमच्याकडे सरकतो, म्हणून तो तुमच्या हिशेबात दिसत नाही. आमच्याकडे सरकला म्हणजे तो नाहीसा होत नाही. पुढच्या वर्षी दराच्या वाटाघाटींत तोच परत येतो, किंवा एखादं शॉप बंद पडतं.

वाचन शंभर टक्के होत नाही, हे दुसरं. होत नाही, मान्य. पण तुलना कशाशी करायची? रात्रीच्या अंधारात थप्पीला दहा धरून लिहिलेला आकडा शंभर टक्के खरा असतो का? रीडरने दोन बिन सोडले तर ते स्क्रीनवर कळतात आणि पुन्हा मोजता येतात. रजिस्टरमधली चूक कुणालाच दिसत नाही. ती थेट वसुलीपर्यंत जाते.

तिसरं कारण, नवी ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणारी संगणक प्रणाली) आली आणि तिला ही यंत्रणा जोडलेली नाही. जोडणी होईपर्यंत दिवसातून एकदा बिन क्रमांकांची साधी फाइल काढून भरली तरी काम भागतं. पहिले तीन महिने तुमच्याकडे तेच चालत होतं. शिवाय हे टॅग आंतरराष्ट्रीय मानकाचे आहेत, कुठल्याही एका कंपनीच्या रीडरला बांधलेले नाहीत. सॉफ्टवेअर बदललं म्हणून बिनवरचा टॅग निकामी होत नाही.

हे सगळं मागे पडलेलं काही फॅड आहे, असंही एका बैठकीत कुणी म्हणाल्याचं कळलं. तसं असतं तर न्हावा शेवा बंदरात २०१६ पासून कंटेनरना आरएफआयडी टॅग लावून त्यांचा माग ठेवला गेला नसता. २०१७ पासून निर्यातदार आपल्याच कारखान्यात कंटेनर भरून त्याला आरएफआयडीचं ई-सील लावतात, सील करायला अधिकारी येऊन उभा राहावा लागत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आमचा छोटा हत्ती भोसरीहून निघतो तेव्हा त्याच्या काचेवर हाच टॅग असतो. तुमची निर्यात याच ई-सीलखाली बाहेर पडते. मधल्या तुमच्या गेटवर तेवढं कार्बन कागदाचं चलन.

मोठ्या कंपन्यांनी यात चुका केल्या नाहीत असं नाही, आणि त्यातली एक चूक आपण दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या सर्वांत मोठ्या १०० सप्लायरना सांगितलं की जानेवारी २००५ पासून पॅलेट आणि खोक्यांवर आरएफआयडी टॅग लावूनच माल पाठवा. दुकानांना फायदा झाला. आर्कान्सा विद्यापीठाच्या २००५ च्या अभ्यासात टॅग वापरणाऱ्या दुकानांत माल संपण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. तरीही ती सक्ती पुढे ढिली पडत गेली, कारण टॅगचा खर्च सप्लायरचा आणि फायदा मुख्यतः दुकानाचा, असा सौदा होता. पुढे कपड्यांपासून वॉलमार्टने पुन्हा सुरुवात केली. तुमच्याकडे ही अडचण आलीच नव्हती. टॅग तुमचे, मेहनत आमची, फायदा दोघांचा. वॉलमार्टला जे साधलं नाही ते तुमच्या गेट नंबर दोनवर साधलं होतं. ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरनेही कपड्यांच्या आधी खाद्यपदार्थांच्या परत येणाऱ्या ट्रेवर टॅग लावून सुरुवात केली होती, कारण फिरून फिरून येणाऱ्या वस्तूवर टॅगचा खर्च एकदाच होतो आणि तो पुढे शेकडो फेऱ्यांवर वाटला जातो. तुमचे बिन तर वर्षानुवर्षं फिरतात.

एका गोष्टीचा उल्लेख केला नाही तर हे पत्र अपुरं राहील. यंत्रणा आली तेव्हा शेडमधली हमाली करणारी मुलं घाबरली होती. आता आपण किती वेळ बसलो, कुठे गेलो, हेही कळणार, असं त्यांना वाटलं. ती भीती रास्त आहे. बिनवर टॅग लावण्याच्या मी बाजूने आहे. माणसांच्या खिशात टॅग ठेवून त्यांच्या पावलांचा हिशेब ठेवण्याच्या मी विरोधात आहे, आणि उद्या तुम्ही तसं काही सुरू केलंत तर असंच पत्र लिहीन.

आमच्या मागण्या अशा:

१. गेट नंबर दोनवरची आरएफआयडी नोंद पुन्हा सुरू करावी. ती कायमची बंदच करायची असेल तर खर्चाचे दोन्ही रकाने मांडून लेखी कारण सप्लायरना द्यावं.

२. १ एप्रिलनंतर केवळ रजिस्टरच्या आधारावर काढलेल्या बिनच्या सगळ्या डेबिट नोट, फक्त आमच्याच नव्हे, स्थगित कराव्यात. आधी एकदा संयुक्त मोजणी व्हावी. टॅग बिनवर आहेतच. हातातले रीडर स्टोअरच्या कपाटात आहेत. तुमच्या आवारात एक रविवार आणि आमच्या शॉपमध्ये अर्धा दिवस पुरेल. त्यात खरोखर आमच्याकडे बिन कमी निघाले तर पैसे कापून घ्या, मी सही करतो.

३. 'कंपनीची नोंद अंतिम' हे वाक्य काढावं. त्याऐवजी गेटवर दोघांची सही झालेला आकडा अंतिम मानावा आणि बिनबद्दलची हरकत १५ दिवसांच्या आत कळवावी.

४. आमच्या खात्यातल्या बिनची नोंद आम्हाला रोज पाहता यावी. यंत्रणा चालू असतानाही ती फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसायची. एवढी एक उणीव तेव्हाही होती.

५. ही नोंद वस्तूंची राहील, हमाल, ड्रायव्हर किंवा गार्ड यांच्यावर कारवाई करण्यासाठी वापरली जाणार नाही, असं लेखी द्यावं.

या कामाला लागणारा आमचा वाटा उचलायला आम्ही तयार आहोत. निघालेले टॅग पुन्हा बसवायचं काम आमची माणसं करतील, जशी मागच्या वेळी केली. माझ्या ओळखीच्या आणखी सात शॉपमालकांनी याला तोंडी होकार दिला आहे. त्यांची नावं मी लिहिणार नाही. तुम्ही बैठक बोलावलीत तर ते स्वतः येतील.

परवा माल घेऊन मी स्वतः गाडीबरोबर आलो होतो. गेटवरचे चारही अँटेना जागेवर आहेत, त्यांच्यावर प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी मारली आहे. केबिनमधला स्क्रीन काढून नेला आहे, वायर लोंबते आहे. गार्डने मला विचारलं, 'साहेब, ते परत कधी चालू होणार? आमचं डोकं उठतं या मोजणीने.' मी त्याला काही सांगू शकलो नाही. उत्तर तुमच्याकडे आहे. आमच्या बिनवरचे टॅग आम्ही काढलेले नाहीत.

आपला विश्वासू,
एक सप्लायर, भोसरी